टाकाऊतून ठसठशीत: झाकणे, कॅन आणि ट्यूबच्या दागिन्यांच्या नोंदी

६ जानेवारी

करायचे आहे ते असे: गळ्याभोवती पसरणारा एक रुंद गळपट्टा आणि त्याला शोभतील अशी मोठी कानातली. दुरून नजरेत भरली पाहिजेत आणि दिवसभर अंगावर राहिली पाहिजेत. टाकाऊ वस्तूंचे दागिने करणारे पहिली अट उत्साहाने पाळतात आणि दुसरीकडे दुर्लक्ष करतात. फोटोपुरते सुंदर दिसणारे, तासाभरात मानेला रग लावणारे दागिने मी पुष्कळ पाहिलेत.

जमवलेले साहित्य: प्लास्टिक बाटल्यांची झाकणे, शीतपेयांचे रिकामे कॅन, सायकलची पंक्चर काढून काढून थकलेली ट्यूब, जुन्या वायरिंगमधली तांब्याची तार आणि विणकामाच्या ॲल्युमिनियमच्या सुया. संगणकाचे जुने सर्किट बोर्डही हाताशी होते. हिरवा रंग, सोनेरी रेषा, मोह होतोच. पण ते कापताना काचतंतूंची बारीक धूळ उडते आणि जुन्या बोर्डांवरच्या डाखात (सोल्डरमध्ये) शिसे असते. युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर बंधन घातले ते जुलै २००६ पासून, म्हणजे त्याआधीचा बोर्ड तर कातडीला लावायचाच नाही. बोर्ड बाजूला ठेवले.

नियम एकच ठरवला आहे: गोंद वापरायचा नाही. का, ते झाकणांपाशी आल्यावर कळेल.

८ जानेवारी

कात्री हातात घेण्याआधी वजनाचे गणित. कानातल्याची चकती ५० मिमी व्यासाची आणि ३ मिमी जाड धरली तर तिचे आकारमान साधारण ५.९ घन सेंमी येते. पितळेत ती ५० ग्रॅमची होईल, ॲल्युमिनियममध्ये १६ ग्रॅमची आणि झाकणांच्या प्लास्टिकमध्ये साडेपाच ग्रॅमची. माझी मर्यादा एका कानाला १० ग्रॅम. त्यापुढे कानाचे भोक ओढले जाते आणि माणूस संध्याकाळी घरी येताच आधी कानातले काढून ठेवतो.

मोठे हवे असेल तर हलके घ्या, एवढाच याचा अर्थ. डच रचनाकार खैस बाकर यांनी १९६७ मध्ये धुराड्याच्या नळीसारखा भलाथोरला गळपट्टा केला तो ॲल्युमिनियमचा. तोच आकार पितळेत केला असता तर घालणारीला बसूनच राहावे लागले असते.

गळपट्ट्याची रचना तीन थरांची: खाली ट्यूबचे रबर, त्यावर झाकणांच्या प्लास्टिकच्या खवल्यांसारख्या पट्ट्या, सर्वांत वर कॅनच्या चकचकीत पत्र्याचे तुकडे. तिन्ही थर एकाच रिव्हेटने (भोकातून आरपार घालून दोन्ही टोके ठोकून चपटी केलेल्या धातूच्या खिळीने) आवळायचे. एकूण वजन १५० ग्रॅमच्या आत ठेवायचे.

११ जानेवारी

झाकणांची निवड करण्यात अर्धा दिवस गेला, तो सत्कारणी लागला. झाकणे साधारणपणे दोन प्रकारच्या प्लास्टिकची असतात. आतल्या बाजूला त्रिकोणात २ असेल तर एचडीपीई, ५ असेल तर पीपी. दोन्ही पाण्यावर तरंगतात, त्यामुळे बादलीची चाचणी यांना वेगळे करू शकत नाही. पण जे बुडते (पीईटी किंवा पीव्हीसी) ते काढून टाकायला ती उत्तम. पीव्हीसी तापवले की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो. शंका आली की तुकडा फेकून द्यायचा. काही झाकणांच्या आत मऊ चकती बसवलेली असते, ती सुईने उचकटून काढली.

पहिल्या खेपेत २ आणि ५ एकत्र वितळवले. एचडीपीई १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, पीपीला १६० च्या पुढे जावे लागते. ओव्हन १८० वर होता, दोन्ही मऊ झाले, लादी दिसायला झकास. थंड झाल्यावर कड वाकवली आणि थर पापुद्र्यासारखे सुटले. ही दोन प्लास्टिके एकमेकांत मुरत नाहीत, शेजारी शेजारी गोठतात. ती लादी वाया गेली.

दुसऱ्या खेपेत फक्त २ क्रमांकाची झाकणे. या वेळी लादीच्या पोटात बुडबुडे निघाले, कारण झाकणांच्या आट्यांमध्ये पाणी राहिले होते. धुतल्यावर ती पालथी घालून पूर्ण दिवस वाळवावी लागतात. फडक्याने पुसून भागत नाही.

ओव्हनबद्दल: याच कामासाठी ठेवलेला जुना, छोटा ओव्हन आहे. स्वयंपाकाचा वापरू नका. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने. प्लास्टिक मऊ झाले पाहिजे, त्यातून धूर निघता कामा नये. धूर दिसला की तापमान जास्त झाले आहे.

१३ जानेवारी

तिसरी लादी. कोरडी झाकणे रंगांनुसार तुकडे करून बेकिंग पेपरच्या दोन तावांमध्ये ठेवली. लाकडी काडी सहज रुतू लागली तेव्हा जाड हातमोजे घालून गोळा उचलला, पिळला, दुमडला, पुन्हा तापवला. रेघा पडतात त्या या पिळण्यामुळे. दोनदा पिळले तर संगमरवरासारख्या सळसळत्या रेघा येतात, चार-पाचदा पिळले तर सगळे मिळून राखाडी होते. थांबायचे कधी हे हाताला कळायला वेळ लागतो. काळी आणि पांढरी झाकणे मिळून एखादे नारिंगी टाकले की रंग उठतो. सगळे रंग घातले तर लादी जत्रेसारखी दिसते.

मग दोन जाड, सपाट पत्र्यांमध्ये ठेवून चारही बाजूंनी क्लॅम्प आवळले. एचडीपीई थंड होताना आकसते, आणि ते सगळीकडून सारखे आकसत नाही. वरून गार लागली म्हणून लादी लवकर सोडवली, ती तासाभरात बशीसारखी वाकली. पुन्हा तापवली, पुन्हा आवळली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी सपाट. क्लॅम्प अधूनमधून थोडा थोडा आवळत राहावा लागतो, कारण लादी आकसली की तो सैल पडतो.

१६ जानेवारी

कापणे आणि घासणे. बारीक दात्यांच्या करवतीने कापताना भुसा वितळून पात्याला चिकटतो आणि काप मागून पुन्हा जुळतो. जाड दात्यांचे पाते आणि सावकाश हात, एवढ्यानेच काम झाले. पात्यावर दाब द्यायचा नाही.

सॅंडपेपरने कड घासली तर तिच्यावर लव उभी राहते आणि जितके घासावे तितकी वाढते. इंटरनेटवरचे बारीक कागदाचे सगळे सल्ले या प्लास्टिकला लागू पडत नाहीत. उपाय जुन्या सुतारांचा: कटरचे पाते कडेवर जवळजवळ उभे धरायचे आणि ओढायचे. पातळ सालटी निघतात आणि खाली गुळगुळीत, मंद चमकणारी कड उरते. खवल्यांच्या सगळ्या कडा अशाच खरवडल्या. बोटे दुखली.

गोंदाचे कुतूहल म्हणून एका तुकड्यावर इपॉक्सी आणि दुसऱ्यावर झटपट चिकटणारा गोंद लावून पाहिला. दोन्ही दुसऱ्या दिवशी नखाने सोलून निघाले. एचडीपीईच्या पृष्ठभागाला काहीच धरवत नाही, रंगसुद्धा नाही. म्हणून रिव्हेट.

२० जानेवारी

ट्यूब. उभी चिरली, आतली पांढरी पावडर भांडी घासायच्या साबणाने धुतली. वास जायला उघड्यावर बरेच दिवस टांगून ठेवावी लागते, त्याला पळवाट नाही. बहुतेक ट्यूब ब्युटाइल या कृत्रिम रबराच्या असतात, पण काही नैसर्गिक लॅटेक्सच्याही असतात. दुसऱ्या कोणासाठी करत असाल तर लॅटेक्सची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा.

सरळ पट्टी गळ्याभोवती लावली की ती कॉलरसारखी उभी राहते, खांद्यांकडे पसरत नाही. पसरायला चंद्रकोरीचा आकार लागतो आणि चिरलेली ट्यूब तेवढी रुंद नसते. वर्तमानपत्रावर साचा काढून त्याचे तीन भाग केले, शेजारच्या भागांवर १५ मिमी चढतील असे. जोड नेमके तिथे आणले जिथे खवल्यांचे रिव्हेट आधीच येणार होते. वेगळी शिवण नको, वेगळा जोड दिसत नाही.

भोके कटरने फुलीसारखी पाडली होती. पहिल्याच ताणाला फुलीच्या टोकापासून चीर वाढली. रबराला कोपरा दिसला की ते तिथूनच फाटते. गोल भोकाला फाटायला सुरुवात करायची जागाच नसते. चामड्याला भोके पाडायचा पोकळ पंच आणला, पुढचे सगळे त्याने.

रबर वजनाने ताणते हे मात्र नंतर लक्षात आले. खवले नुसते टाचणीने टांगून ठेवले तरी सकाळी गळपट्ट्याचा मधला भाग खाली लोंबला होता. आतून जुन्या पाठपिशवीचा पातळ नायलॉनचा पट्टा घातला. तो गळ्याच्या आतल्या कडेने जातो आणि त्याच रिव्हेटांमध्ये अडकतो. ताण आता पट्टा घेतो, रबर फक्त दिसते.

२४ जानेवारी

कॅन. भिंतीचा पत्रा जेमतेम ०.१ मिमी जाड, म्हणून साध्या कात्रीने कापला जातो आणि म्हणूनच कापलेली कड पात्यासारखी धारदार. हातमोजे घालाच. तळाचा पत्रा भिंतीपेक्षा जाड असतो, तो वायसरसाठी (रिव्हेटच्या डोक्याखाली घालायच्या भोकाच्या चकतीसाठी) राखून ठेवा, पुढे लागेल.

कडा दुमडल्याशिवाय हा पत्रा अंगाला लावता येत नाही. ३ मिमीची दुमड आखली, पक्कडीने वाकवली, चुकली म्हणून उघडून परत वाकवली आणि घडीवर मोडली. कॅनचा पत्रा कारखान्यातच थंड लाटून कडक केलेला असतो. एका जागी एकच घडी तो सहन करतो. पत्र्याचे डबे करणारे कारागीर कडेत तार घालून दुमडतात, तसे केले. तारेभोवती घडी गोल वळते, टोकदार होत नाही, आणि कडेला जाडीही येते. हाताशी होती म्हणून तांब्याची तार घातली. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

उठावाचे काम यात सर्वांत मजेचे. पत्रा मऊ रबरी चटईवर पालथा ठेवायचा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा ओढायच्या. छापील बाजू आत, रुपेरी बाजू बाहेर. मी पानांच्या शिरा काढायला घेतल्या होत्या, पण लांबून काही कळेना. जाड, दूर दूर असलेल्या आडव्या रेघाच दिसतात. ठसठशीत दागिन्यात नाजूक काम हा फुकटचा वेळ.

२९ जानेवारी

रिव्हेट. वायरिंगच्या २.५ चौरस मिमीच्या तारेतला एकसंध तांब्याचा गज साधारण १.८ मिमी व्यासाचा असतो, रिव्हेटला योग्य. वरचे आवरण कटरने उभे चिरून सोलले. जाळून तांबे मोकळे करायची पद्धत सर्रास आहे, पण ते आवरण बहुधा पीव्हीसीचेच.

भोक तारेला घट्ट बसेल एवढेच पाडायचे. दोन्ही बाजूंना तारेच्या व्यासाच्या निम्मी लांबी बाहेर ठेवायची, म्हणजे इथे सुमारे ०.९ मिमी. जास्त ठेवली तर ठोकताना तार वाकते, कमी ठेवली तर डोके होत नाही. हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने हलके ठोके, मग उलटून तेच. एका बाजूचे डोके पुरे करून मग दुसरे करू नका, आलटून पालटून करा.

एक खवला बसवला. रुपेरी पत्रा, काळे-पांढरे प्लास्टिक, त्यावर तांब्याचा लालसर ठिपका. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी सुमारे १८०० दागिने केले, बरेचसे ठोकलेल्या तारेचे, डाख जवळजवळ टाळून. जोड वळवून, गुंडाळून किंवा रिव्हेटने. जोड लपवायचा नसेल तर तोच नक्षी होतो, हे त्यांचे दागिने पाहिल्यावर पटते.

दुसऱ्या दिवशी मात्र रिव्हेट हलू लागला. एचडीपीई सततच्या दाबाखाली हळूहळू सरकते, डोके त्यात रुतते आणि पकड सुटते. कॅनच्या तळाच्या पत्र्यातून ८ मिमीचे वायसर कापून दोन्ही बाजूंना घातले. दाब पसरला, पकड राहिली.

३ फेब्रुवारी

पूर्ण गळपट्टा रिव्हेटने भरण्याआधी नमुन्याचा खवला मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. घामाची नक्कल. आज उघडला. तांब्याच्या प्रत्येक डोक्याभोवती ॲल्युमिनियमवर पांढरट भुकटी आणि खाली बारीक खड्डे. कडेत तार घातलेल्या दुमडीतही तेच, आणि तिथे तर पत्रा फुगला होता.

कारण साधे आहे. तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले की त्यांची बॅटरी होते, आणि झिजते ते ॲल्युमिनियम. पातळ पत्र्याला झिजायला असतेच किती. उन्हाळ्यात महिनाभर घातला असता तर रिव्हेटभोवतीचा पत्रा चाळणीसारखा झाला असता, आणि दोष कॅनला दिला गेला असता.

तार घालून दुमडलेले सगळे तुकडे रद्द. या सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ इथे वाया गेला. तुम्ही करत असाल तर दोन वेगवेगळे धातू जोडण्याआधी ही फडक्याची चाचणी करा, काम संपल्यावर नाही.

७ फेब्रुवारी

विणकामाच्या सुया इथे कामाला आल्या. २ मिमीची ॲल्युमिनियमची सुई म्हणजे तयार रिव्हेटची तार, आणि रंगीत सुई असेल तर वरचा रंग सॅंडपेपरने निघतो. बाहेर ठेवायची लांबी १ मिमी. सुईचे ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा लवकर चिरते, म्हणून मोजके आणि हलके ठोके. काही डोक्यांच्या कडा फुटल्या. ते रिव्हेट ड्रिलने काढून नवे बसवले. कडेतल्या दुमडीसाठीही ॲल्युमिनियमचीच बारीक तार.

लाल ठिपका गेला याची हळहळ वाटली. पण रुपेरी पत्र्यावर रुपेरी डोके दुरून जास्त स्वच्छ दिसते. तांबे आता फक्त तिथे, जिथे ते रबराला किंवा प्लास्टिकला टेकते, ॲल्युमिनियमला नाही.

१२ फेब्रुवारी

गळपट्ट्याच्या पुढच्या टोकाला तीन सुटे खवले लोंबते ठेवायचे होते. एका भोकात टांगले की ते गरगरा फिरतात आणि निम्मा वेळ पाठ दाखवतात. भोक मध्याजवळ असेल तर वरचा भाग जड होऊन खवला उलटतो. वरच्या पाव भागात, शेजारी शेजारी दोन भोके आणि दोन कड्या, मग तो निमूट राहतो.

कड्या उघडताना टोके एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत, एक पुढे आणि एक मागे अशी फिरवायची. नाहीतर गोलाई परत येत नाही. मऊ तांब्याच्या कड्या लोंबत्या वजनाने उघडू लागल्या होत्या. तारेचे एक टोक व्हाइसमध्ये घट्ट धरून दुसरे ड्रिलमध्ये घालून थोडी पिळली, ताठ झाली, मग त्या तारेच्या कड्या केल्या. उघडल्या नाहीत.

१५ फेब्रुवारी

मागचा आकडा तांब्याच्या त्याच जाड गजाचा. मंद उजेडात काळपट लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात बुडवला. तांबे असे मऊ होते. काळी खपली लिंबाच्या सत्वाच्या कोमट पाण्यात निघाली. इंग्रजी एसच्या आकारात वळवला आणि मग ऐरणीवर ठोकून चपटा केला. ठोकणे सजावटीसाठी नाही, ठोकल्याने तो पुन्हा ताठ होतो. न ठोकलेला आकडा पूर्ण वजन लावताच सरळ झाला होता.

रबरात गंधक असते, त्यामुळे रबराला टेकणारे तांबे काळवंडते. आधी पॉलिश करत बसलो, मग सोडून दिले. काळ्या पट्ट्यावर काळा आकडा चांगला दिसतो.

१९ फेब्रुवारी

कानातली एका संध्याकाळी झाली, कारण चुका सगळ्या गळपट्ट्यात करून झाल्या होत्या. चकती ५० मिमी, त्यावर कॅनचा अर्धगोल, तीन रिव्हेट. तराजूवर प्रत्येकी ८ ग्रॅम.

कानात जाणारा आकडा मात्र भंगारातून घ्यायचा नाही. गिटारच्या तारांचे आकडे करणारे लोक आहेत. पण त्या तारांवर कशाचा मुलामा आहे हे सांगता येत नाही आणि निकेलची ॲलर्जी पुष्कळांना असते. युरोपीय नियमांत, कातडीला बराच वेळ टेकणाऱ्या वस्तूतून आठवड्याला एका चौरस सेंमीमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागासाठी ही मर्यादा ०.२ आहे. इतक्या काटेकोर गोष्टीत अंदाज चालत नाही. टायटॅनियमचे तयार आकडे विकत आणले.

२५ फेब्रुवारी

बहिणीने गळपट्टा पूर्ण दिवस घालून पाहिला. वजन १३८ ग्रॅम. तिच्या तक्रारी तशाच लिहितो आहे. डाव्या खांद्याकडच्या खवल्याच्या पत्र्यात ओढणीचे धागे अडकले: दुमडीचा कोपरा उचलला गेला होता, सगळे कोपरे गोल कापून पुन्हा दाबले. रबराखाली मान घामेजते: आतल्या बाजूला पंचने भोकांच्या दोन रांगा पाडल्या, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. आकडा केसांत अडकतो: त्याचे टोक आणखी आत वळवले. चालताना लोंबते खवले एकमेकांवर टकटक वाजतात, हे तिला आवडले, मला नाही. ते तसेच ठेवले, घालणार ती आहे.

१ मार्च

दुरुस्तीनंतर फडक्याची चाचणी पुन्हा, या वेळी पूर्ण गळपट्ट्यावर. ॲल्युमिनियमचे रिव्हेट स्वच्छ. एका जागी बारीक पांढरा डाग आला: तिथे लोंबत्या खवल्याची तांब्याची कडी हलताना वरच्या पत्र्याच्या कडेला घासत होती. त्या कड्यांवर ट्यूबमधून कापलेल्या अरुंद पट्टीची नळी चढवली. पाच सुटे रिव्हेट आणि तेवढेच वायसर छोट्या पाकिटात घालून गळपट्ट्यासोबत दिले आहेत. पुढचा गळपट्टा करताना पत्र्याचे कोपरे आधी गोल कापायचे, दुमड नंतर.